घाटात पुढच्या गाडीचा 'थांबा' मागच्या गाडीपर्यंत खात्रीने कसा पोचवायचा? (कसारा, मोहदरी, द्वारका)

सह्यकडा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून मुंबईकडे जाणाऱ्या मालवाहू गाड्यांवर गाडी-ते-गाडी इशारा यंत्रणेची लहान चाचणी आखतो आहे. १२ ट्रक, २ टोइंगच्या गाड्या, १ रुग्णवाहिका. पहिला टप्पा विल्होळी, घोटी, इगतपुरी, कसारा घाट. दुसरा टप्पा मोहदरी घाटातून सिन्नर. संदेश तीनच ठेवलेत: जोराचा ब्रेक लागला, गाडी रस्त्यात बंद पडली, रुग्णवाहिका मागून येते आहे.

अंतराचा हिशोब असा धरलाय. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. चालकाला दीड सेकंद दिला तर ३३ मीटर तिथेच गेले. भरलेला ट्रक कोरड्या रस्त्यावर ४ मीटर/सेकंद² ने मंदावला तर आणखी ६२, एकूण ९५. पावसात ३ धरा, त्यातून ५ टक्के उताराचे अर्धा वजा करा, की एकूण १३० च्या पुढे जातो. म्हणून निदान २५०-३०० मीटर मागच्या गाडीला पाव सेकंदात कळलं पाहिजे असं उद्दिष्ट ठेवलंय.

प्रश्न दोन. एकच संदेश १०० मिलिसेकंदांच्या अंतराने दहा वेळा पाठवला तर खात्री मिळते का? आणि हे थेट रेडिओने करावं की मोबाइल नेटवर्कवरून?

रेडिओवाला

दहा वेळा पाठवण्याचं गणित कागदावर फार गोड दिसतं. एका संदेशाची पोचण्याची शक्यता ७० टक्के, तर तीनदा पाठवल्यावर ९७ टक्के. पण हे गणित प्रत्येक खेप स्वतंत्र आहे असं गृहीत धरतं. रस्त्यावर तसं नसतं. दोन गाड्यांच्या मध्ये चाळीस फुटी कंटेनर असेल तर तो पहिल्या खेपेलाही तिथेच असतो आणि दहाव्यालाही. सगळ्या खेपा एकाच कारणाने बुडतात. हवेतली टक्कर किंवा क्षणिक मंदी यांवर पुनरावृत्ती हा इलाज आहे, आडोशावर नाही. दोन-तीन खेपा ठेवा, १०० ऐवजी थोड्या कमी-जास्त अंतराने. बाकी भरवसा दुसऱ्या कुणीतरी वेगळ्या जागेवरून तोच संदेश पुढे पाठवण्यावर.

आडोसा किती खातो ते बघा. ५.९ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत ३०० मीटरला ९७ डीबी (डेसिबल, ताकद किती घटली याचं माप) जातात. २० डीबीएम (म्हणजे १०० मिलिवॅट) ताकदीने पाठवलेत तर −७७ उरले. १० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर ६ मेगाबिटला रिसीव्हरने −८२ पर्यंत ऐकलंच पाहिजे असं मानक सांगतं. म्हणजे ५ डीबी शिल्लक. चांगला संच अजून ७-८ खाली ऐकतो. मध्ये ट्रक आला की १० ते २० डीबी गेलेच. संपली शिल्लक.

ट्रकसाठी खास गोष्ट: अँटेना केबिनच्या टपावर लावू नका. लोक कारची पद्धत उचलतात आणि फसतात. मागची बॉडी केबिनपेक्षा उंच असते, त्यामुळे नेमकं मागे, म्हणजे जिकडे इशारा जायला हवा तिकडेच, सगळं झाकलं जातं. दोन अँटेना घ्या, दोन्ही बाजूंच्या आरशांच्या दांड्यावर, बॉडीच्या रेषेबाहेर. वळणावर एक झाकली तरी दुसरी उघडी राहते. आणि केबल! आरजी-१७४ ही पातळ केबल ५.९ ला मीटरमागे अडीच डीबीच्या वर खाते. आरशापर्यंत ३ मीटर टाकलीत की ८ डीबी गेले, मोकळ्या हवेतल्या शिलकीपेक्षाही जास्त. एलएमआर-२४० वर्गातली केबल मीटरला पाऊण डीबीच्या आत राहते. जाड असते, दाराच्या बिजागरीजवळ वळवताना काळजी घ्यावी लागते, पण तीच टाका.

परवान्याचंही बघा. २०१८ च्या अधिसूचनेत ५ गिगाहर्ट्झमधले जे पट्टे विनापरवाना खुले झाले त्यातला शेवटचा ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ. युरोपात रस्ता सुरक्षेचे संदेश ५८७५ च्या वर चालतात, अमेरिकेत आता ५८९५ ते ५९२५. बाहेरून मागवलेला संच तसाच चालू करू नका. आधी डब्ल्यूपीसीकडून (रेडिओचे परवाने देणारा केंद्राचा विभाग) प्रायोगिक परवाना.

अंबड_लिंक

मोबाइल नेटवर्कबद्दल मी लिहितो. ते टाकाऊ नाही, पण तीन संदेशांपैकी दोनच त्यावर द्या. बंद पडलेली गाडी आणि रुग्णवाहिका यांना सेकंद-दोन सेकंद उशीर चालतो. ब्रेकला चालत नाही. ४जी वर जाऊन-येऊन ५० ते १०० मिलिसेकंद चांगल्या वेळेला मिळतात, पण घाटात टॉवर बदलताना मध्येच काही सेकंदांचं भगदाड पडतं, आणि खात्री म्हणजे सरासरी नव्हे, ते भगदाड.

एमक्यूटीटी (मधल्या सर्व्हरमार्फत, म्हणजे ब्रोकरमार्फत, संदेश वाटण्याची पद्धत) वापरणार असाल तर हे चार खड्डे नक्की लागतात:

क्यूओएस १ (पोचवण्याच्या हमीची एक पातळी) म्हणजे 'निदान एकदा पोचेल'. 'वेळेत पोचेल' असं त्यात कुठेच नाही. सत्र टिकवून ठेवलं असेल तर गाडी बोगद्यातून किंवा दरीतून बाहेर आली की साठलेले सगळे संदेश एकदम आदळतात. वीस मिनिटांपूर्वीचा ब्रेक आत्ता वाजतो. चालक दोनदा हे बघतो आणि तिसऱ्यांदा डबी (गाडीतला संच) बंद करून टाकतो. म्हणून एमक्यूटीटी ५ घ्या आणि प्रत्येक संदेशाला मुदत घाला. ब्रेकला ५ सेकंद, बंद गाडीला ६०.

रिटेन्ड संदेश, म्हणजे ब्रोकर जपून ठेवतो तो शेवटचा संदेश, आणीबाणीसाठी मोहक वाटतो, नवीन येणाऱ्या गाडीला लगेच कळतं म्हणून. पण पुसायला विसरलात की तो तिथेच बसतो.

कीप-अलाइव्ह ('मी अजून जोडलेला आहे' सांगण्याची मुदत) ६० सेकंद ठेवलात तर तुटलेली गाडी ब्रोकरला ९० सेकंदांनी कळते, कारण तो दीडपट थांबतो. १०-१५ ठेवा.

आणि टॉपिक (संदेशाचा विषय, ज्याची वर्गणी गाडी घेते) गाडीच्या नंबरावर बेतू नका, जागेवर बेता. नकाशाचे चौकोन पाडा, साधारण ६०० मीटरचे. गाडीने स्वतःचा आणि आजूबाजूचे आठ चौकोन ऐकायचे. चौकोन बदलताना नवीन वर्गणी आधी घ्या, जुनी मग सोडा. उलट केलंत तर सीमेवर क्षणभर गाडी बहिरी असते.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे हेही ध्यानात असू द्या. पर्वणीच्या दिवशी शहरात मोबाइल नेटवर्कवर ताण येणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्या दिवशी रुग्णवाहिकेचा इशारा फक्त सिमकार्डावर सोडणं बरं नव्हे.

गोदाकाठची

थेट रेडिओमध्ये खरा प्रश्न 'कुणी पुढे पाठवायचं' हा आहे. ऐकलं त्या प्रत्येकाने पुन्हा पाठवलं तर घोटी टोलनाक्याच्या रांगेत पन्नास गाड्या एकाच वेळी ओरडतील आणि कुणाचंच कळणार नाही. कुणीच पाठवलं नाही तर आडोशामागचा बहिरा.

युरोपच्या जिओनेटवर्किंग (जागेवरून संदेश पुढे पाठवण्याच्या) मानकात यावर एक साधी युक्ती आहे, तिला स्पर्धात्मक फॉरवर्डिंग म्हणू. संदेश ऐकणारी प्रत्येक गाडी टायमर लावते. पाठवणाऱ्यापासून जितकी लांब, तितका टायमर छोटा. सगळ्यात लांबची आधी बोलते, आणि तिचं ऐकून मधल्या सगळ्या आपापला टायमर रद्द करतात. कमीत कमी १ मिलिसेकंद, जास्तीत जास्त १००, आणि पूर्ण पल्ला १००० मीटर धरलेला असतो. म्हणजे ९०० मीटरवरची गाडी ११ मिलिसेकंदांनी बोलते, ४०० वरची ६० नी, १०० वरची ९० नी.

आता हेच आकडे कसारा घाटात तसेच ठेवा आणि काय होतं बघा. तिथे वळणामुळे प्रत्यक्ष पल्ला दीडशे मीटरच्या वर क्वचित जातो. मग ऐकणाऱ्या सगळ्याच गाड्यांचे टायमर ८५ ते १०० च्या मध्ये येऊन दाटतात. दोन तोटे. एक, प्रत्येक उडीला ८५ मिलिसेकंद फुकट गेले. तीन उड्यांत तुमचा पाव सेकंद संपला. दोन, १० मीटर अंतराच्या दोन गाड्यांच्या टायमरमध्ये जेमतेम १ मिलिसेकंदाचा फरक राहतो. ३०० बाइटचा संदेश ६ मेगाबिटला स्वतःच ४४० मायक्रोसेकंद हवेत असतो, वर चॅनेल मोकळा होण्याची वाट. म्हणजे पहिलीचा आवाज कळायच्या आत दुसरी सुरू होते.

पल्ल्याचा आकडा १००० वरून ३०० करा. दीडशे मीटरवरची गाडी ५० मिलिसेकंदांनी बोलेल आणि १० मीटरचा फरक ३.३ मिलिसेकंदांचा होईल. दाब लगेच सुटतो. त्याहून बरं म्हणजे हा आकडा गाडीनेच ठरवावा: गेल्या अर्ध्या मिनिटात ज्या शेजाऱ्यांचे नेहमीचे ('मी इथे आहे' असे) संदेश ऐकू आले त्यांतला सगळ्यात लांबचा किती मीटरवर होता, तोच पल्ला. विल्होळीच्या सरळ रस्त्यावर तो आपोआप ६००-७०० होईल, घाटात १५०-२००.

सह्यकडा

हे आवडलं, आकडा बदलून बघतो. पण नागमोडी वळणावर सरळ रेषेतलं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर यांचा काही संबंध राहत नाही. वरच्या वळणावरची गाडी हवेतून १२० मीटर, रस्त्याने ७०० मीटर. तिचं काय?

गोदाकाठची

नेमकं तिथेच ही युक्ती दगा देते, आणि मोकळ्या महामार्गावर चाचणी केली तर दिसतच नाही.

समजा, क गाडी खालच्या सरळ तुकड्यावर बंद पडली. तिच्या मागे वळणाच्या तोंडाशी ख आहे, ६० मीटरवर. वरच्या पट्ट्यावर ग आहे, हवेतून १२० मीटर, दोघांच्याही नजरेच्या टप्प्यात. ग लांब म्हणून तिचा टायमर आधी फुटतो, ती पुन्हा पाठवते. ख ते ऐकते आणि गप्प बसते. पण वळणाच्या पलीकडे, डोंगराआड, घ येते आहे. तिला क दिसत नाही, ग दिसत नाही, फक्त ख दिसते. आणि ख ला तर आपण गप्प बसवलं. लॉगमध्ये 'संदेश यशस्वीपणे पुढे गेला' अशी नोंद असेल आणि घ ला काहीच माहीत नसेल.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

पहिला, एकदा ऐकून गप्प बसू नका. तीच प्रत निदान दोन वेगळ्या गाड्यांकडून ऐकल्यावरच टायमर रद्द करा. प्रगत पद्धतीत असा मोजणीचा भाग आहेच. थोडे जास्तीचे संदेश जातात, १५ गाड्यांत ते नगण्य.

दुसरा, अंतर रस्त्याने मोजा. घाटाचा मध्यरेषेचा नकाशा डबीत ठेवा, दर ५ मीटरला एक बिंदू. २० किलोमीटरला ४,००० बिंदू होतात, साध्या मेमरीतही मावतात. गाडी रेषेवर बसवा आणि 'मी घटनेच्या मागे रस्त्याने किती' हे काढा. जी घटनेच्या पुढे गेली आहे तिला लहान टायमर देऊच नका.

तिसरा, वळणाच्या टोकाच्या गाडीला झुकतं माप. ज्या गाडीला गेल्या काही सेकंदांत असे शेजारी ऐकू आले आहेत जे मूळ पाठवणाऱ्याच्या शेजाऱ्यांच्या यादीत नाहीत, तिने ऐकलेली प्रत मोजायचीच नाही, पाठवायचंच. यासाठी नेहमीच्या संदेशात शेजाऱ्यांची छोटी यादी घालावी लागते. १५ गाड्यांना एकेक बाइटचे ओळखक्रमांक पुरतात.

रात्री गाडीमागे गाडीच नसते, तेव्हा पुढे पाठवायला कुणी नाही. पेठ रस्त्याला सावळघाटात हे कायमचं. तिथे समोरून येणारी गाडी संदेश घेऊन जाते आणि पलीकडे भेटेल त्याला देते. त्यासाठी 'ऐकलं, पाठवलं, विसरलं' असं न करता मुदत संपेपर्यंत संदेश जवळ ठेवायचा आणि नवा शेजारी दिसला की एकदा सांगायचा.

टायरखालचा_खडा

वाचतोय, वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: १५ गाड्या आहेत आणि रस्त्यावर हजारो. ब्रेक मारणाऱ्याकडे डबी, मागच्याकडे नाही. मग उपयोग काय?

अंबड_लिंक

भाबडा नाही, हाच सगळ्यात अवघड प्रश्न आहे. इशारा द्यायला दोन्हीकडे संच लागतो. रस्त्यावरच्या १० टक्के गाड्यांत असेल तर सलग दोन गाड्यांत असण्याची शक्यता १ टक्का. पिंपळगावला निघालेला कांद्याचा ट्रॅक्टर, ज्याला मागचा दिवासुद्धा नसतो, तो तर या हिशोबातच नाही.

मार्ग दोन. ट्रक तीन-चारच्या गटाने सोडा, म्हणजे निदान आपल्यातल्या आपल्यात काही मोजता येईल. आणि रस्त्याकडेला उभे संच लावा: वळणाच्या बाहेरच्या कडेला, ५-६ मीटर उंच खांब, सौर पट्टी, आणि संच संदेश ऐकताच लुकलुकणारा पिवळा दिवा. दिव्याला संच लागत नाही, तो ट्रॅक्टरवाल्यालाही दिसतो. शिवाय उंच खांब कंटेनरच्या डोक्यावरून बघतो, त्यामुळे रेडिओवाल्यांनी सांगितलेला आडोसाही सुटतो. मोहदरीसारख्या लहान घाटात असे मोजके खांब सगळ्या गाड्यांतल्या संचांपेक्षा जास्त काम करतील असं माझं मत. रस्त्याची मालकी ज्यांची, त्यांची परवानगी लागेल, हे आलंच.

रेडिओवाला

खांबाला +१.

गर्दीचं गणितही देऊन ठेवतो, कारण १५ गाड्यांच्या चाचणीत ते कधीच दिसणार नाही. प्रत्येक गाडी सेकंदाला १० नेहमीचे संदेश, प्रत्येकी हवेत सुमारे ०.४५ मिलिसेकंद. १०० गाड्या म्हणजे सेकंदातले ४५० मिलिसेकंद, चॅनेल ४५ टक्के भरला. २०० गाड्या, ९० टक्के. टोलनाक्याच्या रांगेत २०० काही फार नाहीत. ६० च्या वर गेलं की टकरी झपाट्याने वाढतात. उभ्या गाडीने सेकंदाला १० वेळा 'मी इथेच आहे' सांगण्यात अर्थ नाही. युरोपच्या मानकात वेग, दिशा, जागा फारशी बदलली नाही तर सेकंदाला एकावर येतात. ते ठेवा.

आणीबाणीच्या संदेशाला वरचा अग्रक्रम द्या. ८०२.११पी (गाड्यांसाठीचं वाय-फाय) मध्ये त्या रांगेला ५८ मायक्रोसेकंद थांबून ० ते ३ मधला एक आकडा घ्यायचा असतो. म्हणजे लवकर नंबर लागतो, पण चारच आकडे, म्हणून दोन गाड्यांनी एकाच वेळी आणीबाणी पुकारली तर चारातून एकदा टक्कर ठरलेली. ब्रॉडकास्टला पोचपावती नसते, त्यामुळे पाठवणाऱ्याला टक्कर झाल्याचं कळतसुद्धा नाही. फेरप्रसारणाच्या टायमरमध्ये एक-दोन मिलिसेकंदांची यादृच्छिक भर घाला, काम भागतं.

सी-व्ही-टू-एक्स (मोबाइल तंत्रावर बेतलेला थेट गाडी-ते-गाडी रेडिओ) घेणार असाल तर वेगळी गंमत. तिथे गाडी १ मिलिसेकंदाचा कप्पा निवडून तोच काही वेळ धरून ठेवते, १०० मिलिसेकंदांच्या आवर्तनात ५ ते १५ वेळा. दोन गाड्यांनी एकच कप्पा धरला तर दीड सेकंदापर्यंत त्या एकमेकींना ऐकतच नाहीत, कारण बोलताना ऐकता येत नाही. आकडेवारीत नुकसान १ टक्का दिसतं, पण ते सगळं एकाच जोडीच्या वाट्याला सलग येतं. म्हणून अशा संचावर आणीबाणीचा संदेश धरलेल्या कप्प्यात घालू नका, नवा कप्पा निवडायला लावा आणि दुसरी खेप वेगळ्या मिलिसेकंदात जाऊ द्या.

वणीकर

डबीच्या विजेकडे कुणी बघत नाहीये, आणि अर्ध्या चाचण्या तिथेच मरतात.

ट्रक २४ व्होल्टचा. बॅटरीची तार सैल होऊन अल्टरनेटर मोकळा झाला की क्षणभर फार मोठा उसळा येतो. कारसाठीचा १२ व्होल्टचा चार्जर लावलात तर पहिल्याच महिन्यात धूर. २ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, मग ३३ व्होल्टचा, ५ किलोवॅट वर्गातला टीव्हीएस डायोड (उसळा शोषणारा), आणि निदान ६० व्होल्ट सोसणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा). टीव्हीएस ३३ चा असला तरी उसळ्यात तो ५० च्या वर जाऊनच धरतो, म्हणून ६०.

अपघातात बॅटरीच तुटते, नेमकं बोलायची वेळ आली की डबी मुकी. २५ फॅरडचे, २.७ व्होल्टचे दोन सुपरकपॅसिटर मालिकेत जोडा. १२.५ फॅरड होतात. ५ व्होल्टवरून ३ पर्यंत उतरताना १०० ज्यूल मिळतात. डबी २ वॅट खात असेल तर ५० सेकंद, कन्व्हर्टरचा तोटा धरून ४०. तेवढ्यात मागच्या गाड्यांनी संदेश घेतलेला असतो. दोघांना समतोल राखणारे रेझिस्टर लावायला विसरू नका, नाहीतर एक जास्त चढतो आणि जातो. डॅशबोर्डवर ठेवू नका. या कपॅसिटरांची मर्यादा बहुधा ६५ अंशांची असते आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या ट्रकच्या काचेमागे ती सहज ओलांडते. सीटखाली.

ब्रेक ओळखणं: ओबीडीवरून (गाडीच्या तपासणीच्या प्लगवरून) विचारत बसलात तर उत्तर उशिरा येतं. त्वरणमापक घ्या. अमेरिकी मानकात ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट) च्या वर मंदावलं तर जोराचा ब्रेक. भरलेला ट्रक ०.४ च्या फारसा पुढे जातच नाही हो बऱ्याचदा, वरती सह्यकडांनीच ४ मीटर/सेकंद² धरलेत. ट्रकला ०.३ ठेवा. पण ६ टक्के उतारावर गुरुत्वाकर्षणच ०.०६ जी ची चूक घालतं, आणि खड्ड्याने क्षणभर ०.५ सुद्धा दिसतं. म्हणून १०० ते १५० मिलिसेकंदांची सरासरी, आणि सोबत ब्रेक-दिव्याच्या तारेवर २४ व्होल्ट आहेत का हे बघणं. दोन्ही जुळलं तरच संदेश. ब्रेक-दिव्याची तार ऑप्टोकपलरने (वीज अलग ठेवून प्रकाशाने सिग्नल देणारा भाग) घ्या, थेट नको.

सह्यकडा

टीव्हीएसचा भाग यादीत नव्हता, घातला. तर्काचा भाग आधी ईएसपी३२ (वाय-फायची छोटी चिप) वर ईएसपी-नाऊने (तिच्यातली थेट चिप-ते-चिप संदेशांची सोय) करून बघायचा विचार आहे, ५.९ चे संच येईपर्यंत. चालेल?

गोदाकाठची

टायमर, गप्प बसणं, मुदत हे सगळं तपासायला उत्तम. पहिल्या आवृत्तीत २५० बाइटची मर्यादा आहे, तेवढ्यात संदेशाचा गाभा बसतो. ब्रॉडकास्टला तिथेही पोचपावती नाही, म्हणजे वागणूक बरीचशी सारखी. पण २.४ गिगाहर्ट्झचे पल्ल्याचे आकडे ५.९ ला लावू नका.

लोरा (लांब पल्ल्याचा, संथ रेडिओ) सुचवायला कुणीतरी येईलच म्हणून आधीच सांगते: ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आपल्याकडे खुला आहे, दरीतही बरा पोचतो. २० बाइट एसएफ७ (वेगवान मांडणी) ला ५७ मिलिसेकंद, एसएफ१२ (संथ, लांब पोचणारी) ला १.३ सेकंद. बंद पडलेल्या गाडीसाठी दुसरी वाट म्हणून ठीक, ब्रेकसाठी मुळीच नाही.

निफाडची_सून

पोचवण्यावर खूप झालं, आता 'कुणासाठी' आणि 'कधीपर्यंत' यावर.

द्वारकेचा उड्डाणपूल घ्या. वर महामार्ग, खाली सर्व्हिस रोड, दोन्ही एकाच दिशेला, एकमेकांच्या डोक्यावर. पुलावर गाडी बंद पडली तर खालच्या रिक्षावाल्याला इशारा जाता कामा नये. घटनेभोवती वर्तुळ काढून भागत नाही. दिशेचा कोन तपासूनही नाही, कारण दिशा तीच. उंचीवर भिस्त ठेवावी तर जीपीएसची उंची १०-१५ मीटर इकडेतिकडे होते, म्हणजे पुलाच्या उंचीपेक्षा जास्त. उरतो एकच धागा: गाडी आली कुठून. डीईएनएम (युरोपच्या मानकातला धोक्याचा इशारा) संदेशात घटनेपर्यंत येणाऱ्या वाटांचे माग देता येतात, सात माग, प्रत्येकी ४० बिंदूंपर्यंत. चढणीच्या रॅम्पच्या आधीपर्यंतचा माग द्या, ६००-७०० मीटर. ऐकणाऱ्या गाडीचा स्वतःचा माग त्याच्याशी जुळला तरच आवाज. सरळ रस्त्यावर ५० मीटरला एक बिंदू पुरे, रॅम्पच्या फाट्यापाशी मात्र १० मीटरला एक हवा, नाहीतर दोन वाटा वेगळ्याच दिसत नाहीत. कसाऱ्यात जुना आणि नवा घाट वेगवेगळ्या उंचीवर आहेत, तिथेही हाच इलाज.

समृद्धीच्या इगतपुरीजवळच्या बोगद्यात, जो ८ किलोमीटरच्या आसपास आहे, उपग्रह दिसतच नाहीत. तिथे चाकाच्या फिरण्यावरून जागा काढत राहा आणि जागेची अनिश्चितता संदेशात प्रामाणिकपणे वाढवत न्या. पहिल्या किलोमीटरचीच अनिश्चितता शेवटपर्यंत लिहिणारे संच असतात. ऐकणारा मग चुकीच्या जागी ठामपणे इशारा देतो.

मुदत. आपण ठरवून दिली नसेल तर मानक ६०० सेकंद धरतं. टोइंगवाल्याने गाडी उचलली, डबीची वीज गेली, रद्द करणारा संदेश गेलाच नाही, आणि पुढची दहा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर 'पुढे गाडी बंद' वाजत राहतं. म्हणून मुदत ६० ते १२० सेकंद ठेवा आणि गाडी तिथे आहे तोवर दर २० सेकंदांनी तीच घटना त्याच क्रमांकाने, नव्या वेळेसह ताजी करा. नवा क्रमांक दिलात तर ऐकणाऱ्याला दोन गाड्या बंद पडल्यासारखं वाटतं. टोइंगच्या दोन गाड्या तुमच्याकडे आहेतच. त्यांना दुसऱ्याची घटना खोडून काढण्याचा अधिकार द्या. मानकात रद्द करणं मूळ गाडीचं आणि नाकारणं दुसऱ्याचं, असे दोन वेगळे प्रकार आहेतच.

आणि चालकाला मराठी-हिंदी वाक्यं ऐकवू नका. या रस्त्यावर तमिळनाडूपासून पंजाबपर्यंतचे चालक असतात. दोन वेगळे आवाज आणि एक बाण पुरे.

रेडिओवाला

माग जुळवण्याचं पटलं. बोगद्याच्या तोंडाशी खांब लावून आतल्या-बाहेरच्यांना जोडावं लागेल ते वेगळं.

अंबड_लिंक

सुरक्षेवर थोडक्यात. रुग्णवाहिकेचा खोटा संदेश पाठवून रस्ता मोकळा करून घेणारे निघणारच. मानकात प्रत्येक संदेशावर पी-२५६ पद्धतीची ६४ बाइटची डिजिटल सही असते, आणि आणीबाणीच्या संदेशासोबत पूर्ण प्रमाणपत्र. साध्या मायक्रोकंट्रोलरवर सही तपासायला शंभरेक मिलिसेकंद किंवा जास्त जातात, म्हणून सगळे संदेश तपासत बसू नका. आधी माग जुळतो का बघा, जुळला तर सही तपासा, मग वाजवा. पुढे पाठवायचा असेल तर टायमरच्या प्रतीक्षेतच तपासणी उरका, खास क्रिप्टो चिप असेल तर ती आरामात होते. सगळ्या १५ गाड्यांना एकच गुप्त किल्ली देऊन मोकळं होण्याचा मोह होईल. एक डबी चोरीला गेली की पंधराही गेल्या. आणि 'मी रुग्णवाहिका आहे' हा अधिकार प्रमाणपत्रातच लिहिलेला असावा, संदेशात नव्हे.

सह्यकडा

रस्त्यावर उतरण्याआधी सुमोमध्ये (वाहतुकीचं सिम्युलेशन) घाट उभा करतोय, वेन्सला (गाड्यांच्या रेडिओचं सिम्युलेशन) जोडून. मोजायचं काय ते ठरवतो आहे. पोचलेल्या संदेशांची टक्केवारी सोडून काय बघावं?

गोदाकाठची

टक्केवारी शेवटी बघा. आधी बघायचं ते दोन पोचलेल्या संदेशांमधलं सगळ्यात मोठं अंतर, प्रत्येक जोडीगणिक. ९५ टक्के पोचले आणि हरवलेले पाच टक्के सलग दोन सेकंदांचे असतील तर यंत्रणा नापास. दुसरं, घटनेपासून शेवटच्या संबंधित गाडीत आवाज होईपर्यंतचा वेळ. सरासरी नको, शंभरातला नव्व्याण्णवावा. तिसरं, ज्यांना वाजायला नको होतं अशा किती गाड्यांत वाजलं. दोन्ही टोकांचे लॉग जीपीएसच्या पीपीएस (दर सेकंदाच्या) ठोक्याला बांधा, नाहीतर घड्याळांचाच फरक मोजत बसाल.

सुमोबद्दल: ओएसएमवरून (ओपनस्ट्रीटमॅप) नकाशा ओढताना नेटकन्व्हर्टला (सुमोचं नकाशा बदलून घेणारं साधन) लेफ्टहँडचा पर्याय द्यायला विसरलात तर सगळी वाहतूक उजवीकडून जाते आणि घाटाच्या वळणावर आतली-बाहेरची मार्गिका उलटी होते. वेन्समधला साधा अडथळ्याचा नमुना इमारतींसाठी आहे: भिंतीला ९ डीबी आणि आत मीटरला ०.४. डोंगर त्याला माहीतच नसतो. कसारा तसाच चालवलात तर क चा संदेश डोंगरातून आरपार घ ला पोचेल आणि तुम्हाला वाटेल सगळं छान चाललंय. डोंगराच्या कडेने हाताने बहुकोन काढून त्यांना 'इमारत' म्हणून घाला आणि मीटरमागचं नुकसान इतकं वाढवा की पलीकडे काही जाऊच नये. ट्रकच्या आडोशासाठी वाहनांचा वेगळा नमुना आहे, तो चालू करावा लागतो. वाहनाची उंची ट्रकला ३.८ मीटर आणि अँटेनाची आरशाच्या उंचीवर, साधारण अडीच मीटर द्या. मूळ फाइलीत सगळ्यांची अँटेना एकाच उंचीवर असते.